गिरगावच्या तिघी आणि पुरुषांचा पट

रोहिणी खाडिलकर 1976 साली पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत उतरली तेव्हा तिचं वय तेरा वर्षांचं होतं. त्याआधी कोणतीही भारतीय स्त्री या स्पर्धेत खेळली नव्हती. मुंबईची ही शाळकरी मुलगी पटावर बसणार म्हटल्यावर पुरुष खेळाडूंमध्ये गदारोळ उठला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, पार जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या अध्यक्षांपर्यंत पोचलं. निकाल मुलीच्या बाजूने लागला. ती खेळली आणि तिने तीन राज्यांच्या विजेत्यांना हरवलं.

आज ही हकिकत सांगितली तर तरुण खेळाडूंना खरी वाटत नाही. मुंबईतल्या कुठल्याही खुल्या स्पर्धेत दहा वर्षांची मुलगी पन्नाशीच्या बँक अधिकाऱ्यासमोर बसलेली दिसते आणि त्यात कोणालाही वावगं वाटत नाही. पण हे आपोआप झालेलं नाही. त्यामागे गिरगावातलं एक घर आहे, तीन बहिणी आहेत, आणि आपण पुरेशी आठवण न ठेवलेली दहा वर्षं आहेत.

मुंबईचं आणि बुद्धिबळाचं नातं तसं जुनं. त्रिवेंगडाचार्य शास्त्री नावाच्या पंडिताचं बुद्धिबळावरचं पुस्तक मूळ संस्कृतातून इंग्रजीत आणून 1814 साली याच शहरात छापलं गेलं. त्यातले डाव मुद्दाम युरोपीय पद्धतीला जुळवून दिले होते, कारण आपल्याकडचे नियम वेगळे. देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालतं. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला एकदाच घोड्याची उडी. हा देशी खेळ वाड्यांतून, देवळांच्या ओवऱ्यांतून आणि चाळींच्या गॅलऱ्यांतून विसाव्या शतकातही चालू होता. आंतरराष्ट्रीय नियमांची रीतसर राष्ट्रीय स्पर्धा मात्र 1955 साली सुरू झाली. आंध्रातल्या एलुरू इथे झालेल्या त्या पहिल्या स्पर्धेचं विजेतेपद डी. वेंकय्या आणि आपले रामचंद्र सप्रे यांनी वाटून घेतलं. महाराष्ट्राचं नाव देशाच्या पटावर पहिल्या वर्षापासून आहे.

बायकांचं काय? इथे इतिहासाने मोठी विचित्र उडी मारली आहे. पंजाबचे जमीनदार सर उमर हयात खान यांच्या पदरी सुलतान खान नावाचा एक अजोड खेळाडू होता. 1929, 1932 आणि 1933 असा तीन वेळा तो ब्रिटिश विजेता झाला. याच सर उमर यांच्या घरी फातिमा नावाची मुलगी नोकरीला होती. ती 1933 मध्ये हेस्टिंग्जला ब्रिटिश महिला अजिंक्यपद स्पर्धेत खेळली. अकरा डावांपैकी दहा जिंकले, एक बरोबरीत सोडवला आणि ती विजेती झाली. मालकाबरोबर ती हिंदुस्थानात परतली आणि बुद्धिबळाच्या जगातून नाहीशी झाली. खुद्द भारतात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरायला 1974 साल उजाडावं लागलं. म्हणजे भारतीय मुलगी इंग्लंडची विजेती झाल्यानंतर एकेचाळीस वर्षांनी आपल्याला आपल्या मुलींसाठी पट मांडायचं सुचलं. या एकेचाळीस वर्षांत किती फातिमा स्वयंपाकघरात विझल्या असतील, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

1974 ची ती पहिली महिला स्पर्धा बंगलोरला झाली आणि मुंबईच्या वासंती खाडिलकरने ती जिंकली. तिचं वय अवघं तेरा वर्षांचं. तिच्या मागे जयश्री आणि जयश्रीच्या मागे रोहिणी. तिघींच्या वयात एकेका वर्षाचं अंतर. पुढच्या दहा वर्षांत महिलांचं राष्ट्रीय विजेतेपद खाडिलकरांच्या घराबाहेर गेलंच नाही. वासंतीने एकदा, जयश्रीने चार वेळा, रोहिणीने पाच वेळा असे दहाच्या दहा किताब तिघींनी आपसांत वाटून घेतले. कुठल्याही खेळात, कुठल्याही देशात असं उदाहरण शोधून काढणं कठीण.

हे घर होतं वृत्तपत्राचं. गिरगावात शेणवीवाडीत, खाडिलकर रोडवर ‘नवाकाळ’चं बिऱ्हाड. ‘कीचकवध’ लिहिणारे नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी 1923 साली हे दैनिक काढलं. त्यांचे नातू नीलकंठ खाडिलकर हे या मुलींचे वडील. वाचक त्यांना ‘अग्रलेखांचा बादशहा’ म्हणत. आजोबांच्या नाटकावर सरकारने बंदी घातली होती, नातू रोज अग्रलेखातून कोणाशी तरी दोन हात करत होता. वादाला तोंड द्यायची सवय या घराला होती. मुलींना एखाद्या स्पर्धेचं दार बंद दिसलं तर ‘जाऊ दे, आपली वेगळी स्पर्धा आहे ना’ असं म्हणून मागे फिरणं या घराच्या रक्तात नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतो आहे. त्या काळात गुणी मुली इतरही घरांत असणार. कोर्टाची पायरी चढायला तयार असलेलं घर मात्र दुर्मिळच.

काळही अनुकूल होता. 1972 च्या उन्हाळ्यात आइसलँडच्या राजधानीत बॉबी फिशरने बोरिस स्पास्कीला हरवलं आणि बुद्धिबळ पहिल्या पानावर आलं. त्याच वर्षी मद्रासच्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात मॅन्युएल आरन यांनी ताल चेस क्लब सुरू केला. देशभर पोरं पट मांडू लागली.

मुंबईत खेळाला मैदान कमी आणि माणसं फार. अशा शहराला बुद्धिबळ सोयीचंच. गणेशोत्सवात मंडळाची कॅरमची स्पर्धा असली की जोडीला बुद्धिबळाची असायचीच. व्यायामशाळेची माडी, शाळेचा हॉल, मंगल कार्यालय, कुठेही चालायचं. टेबलं, खुर्च्या, पट आणि घड्याळं असली की स्पर्धा उभी. यातली घड्याळं मिळवणंच सगळ्यात अवघड असे.

खुली स्पर्धा म्हणजे नेमकं काय, हे न खेळणाऱ्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा प्रश्न तिथेच आहे. प्रवेश फी भरेल त्याला खेळता येतं. पहिल्या फेरीत हरलेला घरी जात नाही. प्रत्येक फेरीनंतर सारख्या गुणांच्या खेळाडूंची जोडी लावली जाते. जिंकत गेलात तर समोर वरचढ माणूस येतो, हरत गेलात तर आपल्या तोलाचा. 1895 मध्ये झ्यूरिखला पहिल्यांदा वापरलेली ही पद्धत, म्हणून तिला स्विस म्हणतात. दोनशे खेळाडूंमधून नऊ-दहा फेऱ्यांत विजेता काढायची ही युक्ती मोठ्या शहरांतल्या स्पर्धांचा प्राण आहे. नवशिक्याला नामांकित खेळाडूसमोर बसायची संधी तिच्यामुळेच मिळते.

फेरीच्या आधी भिंतीवर पेअरिंगचा कागद लागतो. त्याच्यापुढे गर्दी. जो तो बोट फिरवत आपलं नाव शोधतो, समोरचं नाव वाचतो, आणि चेहऱ्यावर काय उमटतं ते लपवायला मान वळवतो. मग टेबल क्रमांक. हस्तांदोलन. काळा खेळाडू पांढऱ्याचं घड्याळ सुरू करतो. त्या काळच्या घड्याळाला शेजारी शेजारी दोन तबकड्या असायच्या आणि प्रत्येकीवर बाराच्या आकड्याजवळ एक इवलासा झेंडा. मिनिटकाटा बाराच्या जवळ येऊ लागला की त्या झेंड्याला हळूहळू वर उचलायचा. काटा पुढे सरकला की झेंडा खाली. फ्लॅग पडला की ठरलेल्या चाली झाल्या नसतील तर डाव गेला, मग पटावर तुमचा वजीर जास्त का असेना. शेवटच्या दोन मिनिटांत हॉलभर फक्त बटणांचे ठोके ऐकू येतात. डाव संपला की दोघं बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन पोस्टमॉर्टेम करतात. ‘इथे उंट मारला असता तर?’ ‘मग मी हत्ती सातव्यावर आणला असता.’ खरं शिकणं या पॅसेजमध्ये होतं. आपल्याला हरवणारा माणूसच आपल्याला शिकवतो, ही बुद्धिबळातली जुनी रीत आहे.

म्हणूनच 1976 चा प्रश्न केवळ मानापमानाचा नव्हता. मुलगी फक्त मुलींशीच खेळली तर ती मुलींपेक्षा जेवढी वरचढ असेल तिथेच थांबते. तिचा खेळ वाढायला तिला हरवणारे लागतात. आणि ते दुसऱ्या हॉलमध्ये बसलेले असतात. रोहिणीने त्याच वर्षी महिलांचं राष्ट्रीय विजेतेपदही जिंकलं. देशातल्या महिलांत ती पहिली होती, तिच्यापुढे शिकवणारं कोणी उरलं नव्हतं. अशा मुलीला वर जायची वाट नाकारायची, याला नियम म्हणत नाहीत, कोंडणं म्हणतात.

अशा वेळी एक युक्तिवाद नेहमी पुढे येतो. महिलांसाठी वेगळी स्पर्धा आहे, वेगळी बक्षिसं आहेत, मग पुरुषांच्या स्पर्धेतली जागा तिने का घ्यावी? वरवर पाहता यात तथ्य वाटतं. पण राष्ट्रीय स्पर्धेतली जागा कोणी दान देत नाही, ती खेळून मिळवावी लागते. पट समोरच्याचं लिंग विचारत नाही, वय विचारत नाही. कुस्तीत वजनाचे गट असतात त्याला कारण आहे. बुद्धिबळात मुलीला बाहेर ठेवायला तसं कोणतंच कारण तेव्हाही नव्हतं आणि आताही नाही.

जागतिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष होते हॉलंडचे डॉ. मॅक्स यूवे. राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. या माणसाकडून हा निर्वाळा यावा यात मला इतिहासाचा न्याय दिसतो. 1927 साली व्हेरा मेन्चिक पहिली महिला जगज्जेती झाली. 1929 मध्ये कार्ल्सबादच्या मोठ्या स्पर्धेत तिला पुरुषांत खेळायला घेतलं, तेव्हा आल्बर्ट बेकर नावाच्या मास्टरने थट्टेने जाहीर केलं की तिच्याकडून हरणाऱ्यांचा एक क्लब काढू. लगेचच तो स्वतः हरला आणि त्या क्लबचा पहिला सभासद झाला. पुढे हेस्टिंग्जला दोन वेगवेगळ्या वर्षी तिच्याकडून हरलेला एक खेळाडू म्हणजे मॅक्स यूवे. त्याच हेस्टिंग्जला आपला सुलतान खानही तिच्याकडून हरला. यूवे 1935 मध्ये आल्येखिनला नमवून जगज्जेते झाले. स्त्री पटावर काय करू शकते हे त्यांना कोणी पटवून द्यायची गरज नव्हती. मेन्चिक 1944 साली लंडनवर पडलेल्या जर्मन उडत्या बॉम्बमध्ये गेली. तिच्या दोन विजयांचं फळ तिच्या मृत्यूनंतर बत्तीस वर्षांनी मुंबईच्या एका मुलीला मिळालं, असं मी मानतो.

यूवे यांचा हा निर्वाळा किती दूरदृष्टीचा होता ते पुढच्याच वर्षी दिसलं. जॉर्जियाची नोना गाप्रिन्दाश्विली 1977 मध्ये अमेरिकेतल्या लोन पाइनच्या खुल्या स्पर्धेत पुरुष ग्रँडमास्टरांच्या गर्दीत संयुक्त पहिली आली, आणि 1978 साली ग्रँडमास्टर किताब मिळवणारी जगातली पहिली स्त्री ठरली. केवळ महिलांच्या स्पर्धा खेळून तिला तो मिळाला नसता.

खाडिलकर भगिनींची घोडदौड त्यानंतर वेगाने झाली. 1979 मध्ये जयश्री भारताची पहिली महिला इंटरनॅशनल मास्टर झाली. रोहिणीला 1980 साली अर्जुन पुरस्कार मिळाला. 1981 च्या नोव्हेंबरात हैदराबादला आशियाई महिला अजिंक्यपद स्पर्धा झाली. रोहिणीने बारापैकी साडेअकरा गुण केले. बारा डावांत एक बरोबरी, बाकी सगळे विजय. 1983 मध्ये क्वालालंपूरला तिने तो किताब पुन्हा जिंकला.

बुडापेस्टच्या पोल्गार भगिनींची कथा जगाला पाठ आहे. झुझा, सोफिया आणि ज्युडिट, तिघी बहिणी, मागे उभा राहणारा हट्टी बाप, पुरुषांच्या स्पर्धांतच खेळायचा निर्धार. त्यातली सर्वांत धाकटी आणि सर्वांत बलाढ्य ज्युडिट जुलै 1976 मध्ये जन्मली. रोहिणीने पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पाऊल टाकलं तेच हे वर्ष. पोल्गारांचा खेळ अधिक उंचीचा होता यात वाद नाही. ज्युडिटने पुढे कास्पारोव्हलाही हरवलं. पण पहिल्या पायरीसाठी भांडायचं काम गिरगावच्या बहिणींनी आधी केलं. 1986 मध्ये जागतिक संघटनेने झुझा सोडून सगळ्या स्त्री खेळाडूंच्या रेटिंगमध्ये एकगठ्ठा शंभर गुण वाढवले, हे लक्षात घेतलं की ही लढाई युरोपातही किती पुढेपर्यंत चालली ते कळतं.

याच मुंबईत 1983 साली राष्ट्रीय सांघिक स्पर्धा झाली. मद्रास कोल्ट्स नावाच्या संघाचा खर्च गायक एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांनी उचलला होता. त्या संघातल्या तेरा वर्षांच्या मुलाने नऊ वेळचे राष्ट्रीय विजेते मॅन्युएल आरन यांना हरवलं. तो मुलगा विश्वनाथन आनंद. सगळ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं, आणि ते योग्यच होतं. तेरा वर्षांच्या मुलाने थोरल्यांसमोर का बसावं, हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नाही. सात वर्षांपूर्वी तेवढ्याच वयाच्या मुलीला मात्र न्यायालयातून पुढे जावं लागलं होतं. या दोन प्रसंगांमधलं अंतर मला फार बोचतं.

वाट मोकळी झाल्यावर मागून येणाऱ्यांची रांग लागली. खाडिलकरांची दहा वर्षांची सद्दी 1985 मध्ये भाग्यश्री साठेने संपवली. ती पाच वेळा राष्ट्रीय विजेती झाली आणि 1991 मध्ये आशियाई विजेतीही. तिचे पती प्रवीण ठिपसे मुंबईचेच, सात वेळा राष्ट्रीय विजेते, 1985 मध्ये लंडनला राष्ट्रकुल स्पर्धेचे संयुक्त विजेते आणि 1997 मध्ये भारताचे तिसरे ग्रँडमास्टर. मुंबईतच जन्मलेल्या अनुपमा अभ्यंकरला 1986 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. पुढे तीही पाच वेळा राष्ट्रीय विजेती झाली.

खाडिलकर बहिणी हळूहळू पटावरून उठल्या आणि वृत्तपत्राच्या कामाला लागल्या. रोहिणीने 1993 नंतर स्पर्धा सोडल्या, मुद्रणाचं शास्त्र शिकून घेतलं आणि पुढे ‘संध्याकाळ’ या सायंदैनिकाची संपादक झाली. जयश्रीने ‘नवाकाळ’ची धुरा घेतली. नीलकंठ खाडिलकर 2019 च्या नोव्हेंबरात गेले. त्यांच्या मृत्युलेखांत अग्रलेखांचा उल्लेख भरपूर झाला. मुलींच्या पाठीशी उभं राहून त्यांनी देशाच्या खेळात केलेला बदल मात्र त्यांच्या कोणत्याही अग्रलेखाहून मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे.

जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत तिने कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवलं. त्या विजयासरशी तिला थेट ग्रँडमास्टर किताब मिळाला. हंपी, हरिका आणि वैशाली यांच्यानंतरची ती चौथी भारतीय स्त्री ग्रँडमास्टर. महिलांच्या स्पर्धेतली ही कामगिरी असली तरी तिच्या हाताची धार आली ती खुल्या गटातल्या स्पर्धा खेळून.

आणि तरीही आजच्या मोठ्या खुल्या स्पर्धांच्या याद्या पाहा, मुलींची नावं मूठभरच असतात. नियमाची अडचण कधीच संपली. अडचण आहे ती घरची. मुलींच्या गटात बक्षीस लवकर हाती येतं, खुल्या गटात आधी हार पचवावी लागते, म्हणून कितीतरी आईबाप अर्जावर पहिलाच रकाना भरतात. तुमच्या घरात पट मांडून बसणारी मुलगी असेल तर येत्या सुट्टीत तिचं नाव खुल्या गटात द्या. पहिल्या स्पर्धेत ती बहुतेक डाव हरेल. दुसऱ्या स्पर्धेची फी त्याच दिवशी भरून टाका.